बोटातली सुई

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकटीचा, कान धरून, नमस्कार. (कान का धरलेत ते पुढे कळेल.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढतेस, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? भावजींनी नवीन चष्मा लावायला सुरुवात केली का, की तो अजून डबीतच जपून ठेवलाय? इकडे सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे बरंचसं. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू रडायला तरी लागतेस नाहीतर सल्ले तरी द्यायला, आणि हे मला एकदा शेवटपर्यंत सांगायचंय. तेव्हा बसून वाच. आणि काळजीनं उठून इकडे यायचं काही कारण नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तर झालं असं, की पाळी जाऊन आठ वर्षं झाल्यावर मला अचानक रक्त दिसलं. दोन आठवडे मी तिकडे काणाडोळा केला (ओरडू नकोस, डॉक्टरीणबाई ओरडून झाल्या आहेत), मग तपासायला गेले. सोनोग्राफी झाली, आतला छोटा तुकडा काढून तपासायला गेला, आणि गेल्या सोमवारी बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की गर्भाशयाच्या अस्तराला कॅन्सर झालाय. ताई, मी हादरले. इतकी हादरले, की तोंडातून भलतंच निघालं. मी विचारलं, अस्तर म्हणजे कोटाला लावतो तसं? उभा जन्म लोकांच्या कपड्यांना अस्तरं लावण्यात गेला आणि माझ्या स्वतःच्या पोटातही एक आहे, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगू नये? बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढलं. हे आतलं अस्तर, ही बाहेरची जाड भिंत. गाठ भिंतीत अर्ध्यापेक्षा कमी शिरली असेल तर ऑपरेशन आटोपशीर. जास्त शिरली असेल, किंवा बाहेर पसरली असेल, तर कापाकापी वाढणार आणि पुढचे उपचारही वाढणार. ते आधीच कळावं म्हणून एमआरआय. म्हणजे कात्री लावण्यापूर्वी माप. हे मात्र मला लगेच पटलं.

बुधवारी आम्ही दोघं गेलो. (हे बरोबर होते. मला धीर द्यायला आले होते आणि दर पाच मिनिटांनी मीच त्यांना पाणी पाजत होते.) तिथे अंगातलं सगळं उतरवून एक झगा दिला. ताई, तो झगा! पाठ उघडी, नाड्या दोन, त्यातली एक खांद्याजवळ आणि दुसरी भलत्याच बाजूला कमरेखाली, आणि टीप अशी की माझ्याकडे शिकायला आलेली पहिल्या दिवसाची मुलगीसुद्धा लाजेल. कॅन्सर बाजूला राहिला, मी तो झगा बघूनच गार झाले. मग मशीनवर काम करणाऱ्या बाई एक फॉर्म घेऊन बसल्या. शरीरात कुठे धातू आहे का? मशीन म्हणजे जबरदस्त लोहचुंबक, म्हणून विचारतात. मी ताठ बसले आणि अभिमानाने सांगितलं, की आहे. डाव्या हाताच्या पहिल्या बोटात शिवणयंत्राच्या सुईचं टोक, अठ्ठेचाळीस वर्षांपासून. थोरल्या बहिणीने चाक फिरवलं तेव्हा मी दोरा ओवत होते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मशीन थांबलं, माझा नंबर मागे गेला, आणि मला त्या झग्यात, पाठीमागे तो मुठीत आवळून धरून, लांबलचक बोळातून हाताचा एक्स-रे काढायला चालवत नेलं. एक फोटो झाला. मग दुसरा, बोट आडवं ठेवून. मग तिघं जण पडद्यावर वाकून बघत राहिले आणि माझा जीव टांगणीला लागला. शेवटी त्यातला एक म्हणाला, "इथे काहीच नाही."

काहीच नाही! ताई, कॅन्सर आहे म्हणाले तेव्हा मी नुसता प्रश्न विचारला होता. आता हुज्जतच घातली. मी म्हटलं, नीट बघा, थंडीत ठणकतं ते. त्यांनी मला पडद्यापाशी उभं केलं. हाडं स्वच्छ, बोट स्वच्छ, सुईचा मागमूस नाही. तुम्हाला सुई आहे असं सांगितलं कुणी, असं त्या बाईंनी विचारलं, आणि उत्तर द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तुटलेलं टोक तेव्हा सापडलं नाही, म्हणून ते बोटातच आहे असं मी अकराव्या वर्षी ठरवलं आणि घरादाराला पटवून दिलं.

मग चाळीस मिनिटं त्या नळकांड्यात. कानाशी खडखडाट, हलायचं नाही, श्वास सांगतील तसा. सगळ्यांना वाटत असेल मी कॅन्सरचा विचार करत होते. मी भांडी मोजत होते. बोटात सुई म्हणून मी ओल्यात हात घालायचा नाही, कणीक मळायची नाही, घासायला बसायचं नाही. आणि चाक तू फिरवलंस म्हणून सगळं तू करायचं. तुझं लग्न होईपर्यंत. तू हूं की चूं केलं नाहीस. उलट सुट्टीला आलीस की आजही माझ्या हातातली कढई काढून घेतेस. मला तिथे रडू आलं, आणि रडताना हलायचं नाही हे फार कठीण असतं. दोन फोटो पुन्हा काढावे लागले.

रिपोर्ट बरा आहे. गाठ भिंतीत अर्ध्याच्या आत आहे, आणि छाती-पोटाच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये बाहेर कुठे काही दिसलेलं नाही. पक्कं काय ते ऑपरेशननंतरच कळेल, असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावलंय. फोटो काढणारे चुकत नाहीत असं नाही, पण माझ्यापेक्षा बरे. तेव्हा तू निश्चिंत राहा, गुडघे सांभाळ, भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. ऑपरेशन पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी आहे. नुसतं कळवून ठेवते.

ता. क. चा ता. क. वर 'यायचं काही कारण नाही' असं लिहिलंय ते खोडायचं राहिलं. तू खोड. मला फार भीती वाटतेय, ताई. सोमवारीच ये.

आणखी एक. घरी आल्यावर सहा आठवडे मी जड काही उचलायचं नाही, वाकून घासायचं नाही. यांना पाणी उकळण्यापलीकडे काही येत नाही. म्हणजे भांडी परत तुझ्याच गळ्यात. पण या वेळी मी म्हणते म्हणून नाही, गं. या वेळी आत खरंच काहीतरी आहे. एमआरआयची फिल्म उशाशी ठेवलीय, आल्या आल्या उजेडात धरून बघ.