चार हजार पूर्वज आणि दोन जीबी रॅम

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ९.२४
कॉम्प्युटर ९.१० ला सुरू केला. आत्ता कुठे पडद्यावरचा बाण हलला. चौदा मिनिटं. काल तेरा लागली होती.

वंशावळीची फाइल आजही अख्खी उघडली नाही. आमच्या शाखेची चार हजार एकशे सहा माणसं, चोवीस पिढ्या, शिवाय म्हाताऱ्यांचे फोटो. सगळं मी एकट्यानं टाइप केलं आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण कॉम्प्युटरची रॅम फक्त दोन जीबी, त्यामुळे फाइलचे तीन तुकडे करून ठेवावे लागले आहेत.

२७ तारखेला गावातली वडीलधारी मंडळी इथे, मी काम करतो त्या गावकचेरीत, जमून वंशावळ मंजूर करणार. मग ती छापायला जाईल. पहिल्या पानावर ‘लेखन : तालाय’ असं असेल. त्यानंतर आई बुरूलच्या घरी जाऊन तिच्या कानात आमच्याकडची कानातली घालेल. म्हणजे लग्न ठरलं. बुरूलशी अजून बोललो नाही, पण तिला कल्पना असणार. शेजारच्या वाचनालयातून जुन्या वह्या तीच मला आणून देते.

सात पिढ्यांचं मी एप्रिलमध्येच तपासून घेतलं. सात पिढ्यांत एक जरी बाप सामाईक निघाला तरी लग्न होत नाही. माझा सहावा बाप, म्हणजे मागच्या सहाव्या पिढीतला पूर्वज, बोरूबाय. तिचा सहावा बाप उलुमाबाय. दोन वेगळी माणसं. रस्ता मोकळा आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार
शाळेत कॉम्प्युटर शिकवायला कुबात नावाचा एक जण आला आहे. दुसऱ्या कुळाचा, आमच्या वंशावळीत नसलेला. पुस्तकात फोटो नीट बसवून द्यायला बुरूलनं त्याला बोलावलं. मला विचारलं नाही.

त्यानं माझे तिन्ही तुकडे लॅपटॉपवर जोडले आणि फाइल उघडली. अख्खी. नऊ सेकंदांत. बुरूल ‘अगं बाई!’ म्हणाली. पाच महिन्यांत तिनं माझ्या कशालाही ‘अगं बाई’ म्हटलेलं नाही.

मी म्हणालो, घाईनं काम बिघडतं. कुबात म्हणाला, दोस्ता, तुझा हा डबा म्युझियमला दे, तिकीट लावून दाखवतील. बुरूल हसली. मी हसलो नाही. (थोडा हसलो. वाईट दिसू नये म्हणून.)

निश्चय : रॅम वाढवायची. कुबातकडे बघायचं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार
डबा उघडला. आत लोकरीसारखी धूळ. साफ केली. रॅमच्या खाचा दोन. डीडीआर-थ्री लागते. जास्तीत जास्त आठ जीबी चालते. आता प्रश्न असा की आठची एक घ्यावी की चारच्या दोन? तीन पानांचा तक्ता केला, रेघा आखून.

इंटरनेटवर लिहिलं आहे की एकसारख्या दोन असतील तर वेग वाढतो, एकटी असेल तर ती रेंगाळते. हे मला एकदम पटलं. मला जानेवारीत सव्विसावं सरलं.

आईनं तक्ता पाहिला. म्हणाली, तीन पानं? तुझ्या बापानं मला पसंत करायला अर्धी वाटी चहा संपेपर्यंतचाही वेळ घेतला नव्हता. मग विचारलं, रॅम म्हणजे काय रे? मी म्हणालो, कॉम्प्युटरची स्मरणशक्ती. ती म्हणाली, मग सिदिक आजोबांनाच नेऊन बसव की टेबलावर. त्यांना चोवीसच्या चोवीस पिढ्या पाठ आहेत, आणि त्यांना वीज लागत नाही.

आईला तांत्रिक गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
नार्यन शहरातल्या बाजारात गेलो. जुनं कॉम्प्युटर-सामान विकणाऱ्या जेनिशकडे. तक्ता बरोबर नेला होता.

समोर मांतूची, म्हणजे खिमा भरून वाफवलेल्या मोदकांची, टपरी आहे. तिथे बुरूल आणि कुबात बसले होते. शाळेसाठी पुस्तकं घ्यायला आले असणार. दोघांत मिळून एकच ताट. पुस्तकं घेताना भूक लागते, हे समजू शकतो. पण मग दोन ताटं घ्यावीत.

जेनिश काहीतरी विचारत होता. मी हो हो म्हणालो. कचेरीत येऊन पाहतो तर डीडीआर-फोर. खाच दोन मिलिमीटर सरकलेली. जरा दाबून पाहिलं. मग आणखी जरा. बसत नाही ते नाहीच.

दोष सर्वस्वी जेनिशचा. गिऱ्हाइकाचं लक्ष टपरीकडे आहे हे दुकानदाराला कळायला हवं.

१६ सप्टेंबर, सोमवार
रॅम बदलून आणली. जेनिश म्हणाला, काय रे, चुकीची नवरी परत करायला आल्यासारखा का उभा आहेस? पण दिली बदलून. डीडीआर-थ्री, चारच्या दोन. जोडी.

बसवल्या. बटण दाबलं. पडदा काळा आणि आतून पीं, पीं, पीं. वाचनालयातून सगळे धावत आले, कुबातसुद्धा. (तो शाळा सोडून वाचनालयात काय करत होता?) त्यानं दोन्ही रॅम काढल्या, त्यांची सोनेरी कड खोडरबरानं घासली, परत बसवल्या. सुरू झाला.

हे मी पुढच्याच मिनिटाला करणार होतो. खोडरबर खिशातच होतं.

फाइल उघडली. अख्खी! चाळीस सेकंद. बुरूलनं शाब्बासकी दिली, पण कुबातला. गैरसमज झाला असावा.

२० सप्टेंबर, शुक्रवार
कुबातनं पुस्तकाची नमुना प्रत छापून आणली. सुंदर आहे असं सगळे म्हणतात. मी आठ तास शोधलं आणि एक चूक सापडली. मोठी चूक!

‘उलुमाबाय’. असं नावच नाही. नावांच्या कोशात नाही, आमच्या चोवीस पिढ्यांत दुसरं कोणाचं नाही. अशुद्ध आहे हे उघड आहे. खरं नाव काय असेल ते सिदिक आजोबा सांगतील, पण चूक पकडली मी.

(हे नाव एप्रिलमध्ये मीच बुरूलच्या आजीच्या वहीतून टाइप केलं होतं. पण ती नक्कल. नकलेतली चूक वहीची असते. छापील चूक छापणाऱ्याची.)

आत्ताच कोणाला सांगायचं नाही. २७ तारखेला, सगळ्यांसमोर. कुबातचा चेहरा बघण्यासारखा होईल. आईला म्हणालो, कानातली काढून पुसून ठेव.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ४
बैठक झाली. घडलं तसं लिहितो.

अकरा वडीलधारे आले. चहा झाला. कुबात आणि बुरूल खिडकीशी बसले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, या प्रतीत एक घोर अशुद्ध नाव आहे. असं छापलं तर पुढच्या सात पिढ्या आपल्याला हसतील. आणि ‘उलुमाबाय’वर बोट ठेवलं.

सिदिक आजोबा इतके हसले की टोपी पडली. म्हणाले, पोरा, बरोबर पकडलंस! अरे, हे नावच नव्हे. आपल्या सुना सासऱ्याचं नाव घेतात का? सासरा बोरूबाय. बोरू म्हणजे लांडगा. मग बिचारी ‘लांडगा’ तरी कसं म्हणणार? ती म्हणायची उलुमा, म्हणजे हूऽऽहूऽऽ करणारा. पोरांनी आईच्या तोंडून तेच ऐकलं आणि वहीत तेच लिहिलं. इतकी वर्षं माझ्याही लक्षात आलं नाही. तो आपला बोरूबायच!

सगळे ‘वाहवा, तालाय’ म्हणाले. मी कुबातकडे पाहिलं. चेहरा पडला नव्हता. तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघत होता. का, ते तेव्हा कळलं नाही.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, नाव बदललं. ‘सगळीकडे बदला’ दाबलं. तीन सेकंद! या कॉम्प्युटरनं लोकांसमोर तीन सेकंदांत काही करण्याची ही पहिलीच वेळ. फाइल सेव्ह केली. मग पडद्यावरच्या दोन फांद्या मी स्वतः ओढून एका खोडाला जोडल्या. परत सेव्ह केली.

मग आजोबा बोटांवर मोजू लागले. तालायचा बोरूबाय सहावा. बुरूल, तुझा कितवा गं? सहावा? अरे तालाय, मग ही तर तुझी बहीण!

सगळ्यांनी अभिनंदन केलं. बुरूलची आजी माझ्या ओंजळीत तळलेल्या पिठाचे बोरसोक ओतत म्हणाली, घरचाच मुलगा निघालास रे, खा. बुरूलचे डोळे भरून आले होते. म्हणाली, मला भाऊ नव्हता, तालायदादा.

लोक गेल्यावर जोडलेल्या फांद्या परत सोडवून पाहिल्या. जमलं. फाइलमध्ये मागे जाता येतं. अकरा म्हाताऱ्यांत जाता येत नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार
फांद्या परत जोडल्या. चूक ती चूक.

आई म्हणाली, एका सुनेनं सासऱ्याचा मान राखला आणि माझी सून गेली. मग कानातली परत पेटीत ठेवली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
बुरूल आणि कुबात आले होते. लग्नाची पत्रिका टाइप करून हवी आहे. बुरूल म्हणाली, दादा, तुझ्याकडे एकही चूक होत नाही.

भाऊ या नात्यानं कुबातच्या सात पिढ्या तपासणं माझं कर्तव्य होतं. तपासल्या. मग नऊ तपासल्या. मग अकरा. कोणी सामाईक नाही. त्याच्याकडची सगळी नावंसुद्धा शुद्ध निघाली.

ती वाचनालयात गेल्यावर मी कुबातला सहज विचारलं, तुझ्या लॅपटॉपची रॅम किती? म्हणाला, चारच. डिस्क नवीन आहे ना, वेग तिचा.

चार.

माझी आठ आहे. बरोबर दुप्पट. हे बुरूलला सांगावं असं फार वाटलं. पण बहिणीला असल्या गोष्टी सांगत नाहीत.