कायदा झाला, केझिया

लाडक्या केझियास,

तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. बालकल्याणवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "सख्खी मावशी असलात तरी घर एका खोलीचं आहे. मुलगी इथे राहू शकत नाही." त्याच महिन्यात शेजारच्या गोऱ्या पीटरसन आजोबांकडे, तशाच एका खोलीत, त्यांची नात राहायला आली. तिथे कुणी खोल्या मोजल्या नाहीत.

शाळेच्या स्वयंपाकघरातून रजा काढून चार वर्षं मी राजधानीच्या चकरा मारल्या. दर वेळी आमदारांच्या समितीपुढे बोलायला तीन मिनिटं मिळायची. आज कायदा झाला. काळं असो वा गोरं, मूल आधी नातेवाइकांकडे. तो मांडणाऱ्या आमदार बाईंनी मला मिठीच मारली. "जिंकलात, मिस व्हर्लीन!"

"मग माझी केझिया कधी येणार?"

त्यांनी मान खाली घातली. "दत्तक गेलेल्या मुलांना तो लागू नाही हो."

तुझा पत्ता मला कुणी देत नाही. तुला न्यायला आले त्या दिवशी तू माझं बोट सोडत नव्हतीस. "दोन दिवसांत आणते," असं सांगून मीच ते सोडवलं. तुला टाकलं नव्हतं गं, बाळा.

तुझी,
व्हर्लीन मावशी