टाकीत हवा नाही

प्रिय क्लेम,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फक्त अंगाचा तिळपापड झालाय. बाबांनी ज्या इंजिनावर जन्मभर आपल्या सखल शेतांतलं पाणी उपसून नदीत टाकलं, आणि विजेचे पंप आल्यावर आपण गावकऱ्यांनी जे हौसेनं चालतं ठेवलं, ते बंद पडलंय. पडलं कसलं, पाडलंय!

इंजिन सांभाळणाऱ्या आमच्या समितीचे नवे अध्यक्ष डेस्मंड. ईस्टरच्या रविवारी पाहुण्यांपुढे मिरवायला स्वतःच इंजिनापाशी उभे राहिले आणि मला चहाच्या टेबलाला जुंपलं. इंजिन चाललं झकास. पण बंद करताना या गृहस्थांनी टाकी भरलीच नाही! पुढच्या वेळी इंजिनाला धक्का द्यायला लागणारी हवा ते चालू असतानाच टाकीत दाबून ठेवायची, हे तुला-मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. पुढच्या रविवारी झडप उघडली, तर नुसता एक उसासा. टाकीत हवा भरायला भाड्यानं कॉम्प्रेसर आणला, पण त्याचा दाब पुरत नाही.

यांना लाज? छे. बैठकीत म्हणाले, “मॅव्हिसबाई, एवढं काय मनाला लावून घेता? चाक फिरवायला छोटी विजेची मोटर बसवू, इंजिनाचा आवाज स्पीकरवर लावू. धूर नाही, वास नाही. लोकांना काय कळतंय!” मी म्हटलं, “मग अध्यक्षांच्या खुर्चीत पुतळा बसवू आणि भाषण स्पीकरवर लावू. लोकांना काय कळतंय!” खजिनदारबाईंना हसून ठसका लागला, पण मोटरीसाठी हात वर केलाच. संताप संताप झाला माझा.

शनिवारी मोटर बसवायला माणसं येताहेत. त्याआधी इंजिन आपल्या ताकदीवर सुरू झालं तर मोटरीचा विषय संपला, एवढं मी सगळ्यांकडून वदवून घेतलंय. म्हणून हे पत्र. बाबांना पुरलं त्याच दिवशी तू त्यांचा छोटा, जास्त दाबाचा कॉम्प्रेसर गाडीत घालून नेलास आणि मी तुला चोर म्हटलं. तो शब्द मी मागे घेत नाही. पण कॉम्प्रेसर तू चालता ठेवला असशील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शुक्रवारी तो घेऊन ये. आणि दारात ठेवून निघून जाऊ नकोस. हवेची झडप मी उघडेन, पण त्याच क्षणी डिझेल सोडणारा दांडा ओढायला दुसरं माणूस लागतं. तिथे मला तू हवास.

तुझीच, अजून चिडलेली बहीण,
मॅव्हिस