चेंडू कोणत्या हातात

५ नोव्हेंबर, बुधवार
आज पुन्हा तेच. लिंबागणेशचा एक जण क्लच वायर बदलून घ्यायला गॅरेजवर आला आणि निघताना हसून विचारतो, "काय लतीफभाई, जेवण झालं का? मटण होतं?" पाना हातात होता. फेकला नाही, एवढंच.

दहा महिने झाले. जानेवारीत लिंबागणेशच्या फायनलला मी लेग अंपायर. शेवटच्या ओव्हरला दत्ता ढेंगळे दुसरी रन पळताना कीपरने बेल्स उडवल्या आणि मी बोट वर केलं. दत्ता तडक मंडपात गेला, कॉमेंट्रीवाल्याच्या हातातला माईक हिसकला आणि सगळ्या मैदानाला ऐकवलं, "अंपायर दुपारी त्यांच्याच मटणावर बसला होता. बोटाला अजून रस्सा हाय." लोक पोट धरून हसले. जेवलो होतो समोरच्या संघाच्या मंडपात, खरंय. ज्या मंडपात ताट वाढतील तिथं अंपायर जेवतो, आमच्याकडे कायमचं असंच आहे. कुणीतरी व्हिडिओ काढला. नेकनूरच्या स्टँडपासून पार कडा गावापर्यंत फिरला. तेव्हापासून एकाही मॅचचं बोलावणं नाही.

दत्ता माझ्याच वर्गातला. सातवीपर्यंत एका बाकावर. म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळी मिलिंद गुरुजी आला. झेडपीच्या शाळेवर आहे. तो बॉलर आणि मी कीपर, असे वीस वर्षं खेळलो. म्हणाला, बीडला अंपायरचा क्लास निघालाय, पाच रविवार, पाचव्याला परीक्षा. मी लगेच हो म्हटलं. त्याला वाटलं खेळाची ओढ. मला कागद पाहिजे, सही-शिक्क्याचा. तो खिशात ठेवून दत्ताला एकदा आउट द्यायचाय. मग उघड म्हणावं तोंड.

९ नोव्हेंबर, रविवार
बीड. मिलिंदही बरोबर. शाळेचा हॉल, तीसेक माणसं, पंखा एक. शिकवायला मुळे सर. सत्तरीचे असतील, पण उभे राहतात खांबासारखे. नियमांचं पुस्तक एकच, त्याच्या झेरॉक्स वाटल्या. माझ्या प्रतीत दोन पानं उलटी.

सरांचा पहिला प्रश्न, "आउट कधी द्यायचा?" मी म्हटलं, आउट असला की. सर म्हणाले, "न्हाई. कुणी अपील केलं तरच. मागितल्याशिवाय द्यायचा अधिकार तुम्हाला नाही." आवडलं नाही हे. दत्ताला मी न मागता देईन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दुकानात ट्रकचा एक मोठा आरसा पडून आहे. तो भिंतीला टेकवून बोट वर करायचा सराव करतो. सर म्हणतात हात सरळ डोक्याच्या वर, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. हात जमतो. चेहरा जमत नाही, समोर दत्ता दिसतो.

चेंडू मोजायला सहा नट घेतलेत, दहा नंबरचे. एकेक डाव्या खिशातून उजव्यात. काउंटर विकत मिळतो म्हणे, नट बरे.

डबा घेऊन आलेल्या बायकोने, शबानाने, आरशासमोर पकडलं. "इत्ता गुस्सा कायको? खाना खाव." खाल्लं. मटण नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुसरा क्लास. झेरॉक्सच्या मागं लिहून ठेवलं, द.साठी:
पिचच्या मधून पळतो. ताकीद देता येते.
बॅटिंगला यायला उशीर करतो. टाइम्ड आउट. (अपील लागतं. फील्डिंगवाल्यांना आधी शिकवून ठेवता येईल का? सरांना विचारलं नाही.)
अंपायरशी हुज्जत. ह्याला तर

मिलिंदने वाचलं. म्हणाला, "लतीफ, लोक परीक्षेसाठी नोट्स काढतात. तू वॉरंट काढतोयस." हसू आलं, पण फाडलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
लिहू की नको.

सरांनी मागच्या वेळी सांगितलं होतं, आपल्या मॅचचे व्हिडिओ आणा. मी दत्तावाला नेला. मुद्दाम. तीस माणसांसमोर सरांनी म्हणावं की निर्णय बरोबर होता, एवढीच इच्छा. सरांनी तो भिंतीवर मोठा करून लावला. दत्ता पळतोय, थ्रो आला, कीपरने घेतला, बेल्स उडाल्या, दत्ता दोन हात लांब. मी म्हटलं, बघा.

सर म्हणाले, "मागं घ्या. थांबवा. चेंडू कोणत्या हातात?"

उजव्या.

"बेल्स कोणत्या हातानं उडवल्या?"

डाव्या. रिकाम्या.

"मग नॉट आउट. ज्या हातात चेंडू, त्याच हातानं यष्टी मोडली पाहिजे."

मी म्हटलं, सर, आमच्याकडं चेंडू कीपरजवळ असला की झालं, कोणताही हात चालतो. मागच्या बाकावरून चौघं म्हणाले, आमच्याकडं बी तसंच. सर शांतपणे म्हणाले, "मग तुमच्याकडं लई जण फुकट गेले." मी स्वतः कीपर होतो. रिकाम्या हातानं मी किती जणांना घरी पाठवलंय, देव जाणे.

येताना गाडी मिलिंदला चालवायला दिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार
दत्ता नॉट आउट होता.

राग कमी व्हायला पाहिजे होता. वाढला. त्याला नियम माहीत नव्हता, आजही नाही. तो हाताबद्दल एक शब्द बोलला नव्हता, मटणाबद्दल बोलला. आंधळ्यानं दगड मारला आणि बरोबर लागला, तर त्याला काय नेम म्हणायचं?

मिलिंद दुपारी शाळेच्या सुट्टीत आला. "जाऊन सांगून टाक त्याला."
"मटणाचं आधी त्यानं परत घ्यावं."
"दोन्ही वेगळं हाय बे."
"म्हणूनच. आधी त्याचं."

७ डिसेंबर, रविवार
परीक्षा. चाळीस प्रश्न. एकोणिसावा तोच: कीपरच्या उजव्या हातात चेंडू, डाव्या हाताने यष्टी मोडली, फलंदाज क्रीजबाहेर, निर्णय काय? अपशब्द आठवले तेवढे मनात म्हटले आणि लिहिलं, नाबाद.

१९ डिसेंबर, शुक्रवार
पास. मिलिंदला माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त, मास्तरच तो. नमाजहून येताना कागद लॅमिनेट करून घेतला आणि गॅरेजमध्ये एअर कॉम्प्रेसरच्या वर लावला, येणाऱ्याला आधी तोच दिसावा असा. दिवसभरात मटणाचं कुणी विचारलं नाही. दोघांनी कागद वाचला, एकानं हवा भरायला सांगितली.

२ जानेवारी, शुक्रवार
आला. स्वतः चालत, माझ्या दारात.

ह्या वर्षी बाहेरच्या संघांनी अट घातलीय, परीक्षा पास झालेले अंपायर असतील तरच लिंबागणेशला येतो. आणि स्पर्धा भरवतो कोण? दत्ता. मी टायर खोलत बसलो. वर बघितलं नाही. दहा मिनिटं उभा केला त्याला. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

"लत्या, तुला यावं लागतंय बे. तू अन् गुरुजी."
"तुझ्याकडं माईकवाले हायत की. त्यांना उभं कर."
"जुनं कावून काढतो?"
मी अट सांगितली. फायनल सुरू व्हायच्या आधी माईकवर म्हणायचं, लतीफने मटण खाऊन निर्णय दिला नव्हता. एवढंच वाक्य. जास्त नको, कमी नको.
"बघू. आधी मॅच तर होऊ दे."
म्हणजे नाही. तरी जातो म्हणालो. कारण तो खेळणार आहे आणि लेगला मी असणार आहे. एक पाय क्रीजबाहेर राहिला तरी पुरे.

नियमाचं त्याला सांगितलं नाही.

११ जानेवारी, रविवार
फायनल. क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

डबा घरून नेला होता, बटाट्याची भाजी. बाउंड्रीवर लिंबाखाली एकटा जेवलो, सगळ्यांना दिसेल असा. माईकवर दत्ताने आमची नावं घेतली, "परीक्षा पास अंपायर" म्हणाला. ते वाक्य म्हणाला नाही. मी वाट बघत नाही असं दाखवलं.

दत्ताच्या संघाची बॅटिंग दुसरी. शेवटची ओव्हर, चार चेंडूंत पाच पाहिजेत, दत्ता स्ट्राइकवर. लाँगऑनला मारला, एक झाली, दुसरीला पळाला. थ्रो सरळ कीपरकडे. उजव्या हातात घेतला. डाव्यानं बेल्स उडवल्या. दत्ता दीड हात बाहेर.

अकरा जण ओरडले. आणि दत्ता थांबलाच नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. बॅट काखेत, मान खाली, मंडपाकडे चालू लागला.

वर्षभर हेच मागितलं होतं मी. बोटसुद्धा वर करायला नको होतं, नुसतं गप्प उभं राहायचं. कुणाला काही कळलं नसतं. सगळ्या मैदानात डावा-उजवा बघणारे आम्ही दोनच, मी आणि समोर मिलिंद. मिलिंद माझ्याकडे बघत होता. निर्णय माझा होता.

दत्ता आठ-दहा पावलं गेला. चांगला चालत होता.

मग मीच ओरडलो, "डेड बॉल. नॉट आउट. दत्ता, परत ये."

कीपर अंगावर आला. "चेंडू हातात हाय की भाई, हा बघा." मी म्हटलं, "उजव्यात. बेल्स डाव्यानं. नियम वाच." खिशातले नट मुठीत धरले. पलीकडच्या मंडपातून कुणीतरी जोरात म्हणालं, "ह्या साली मटण दत्ताचं दिसतंय." तेच हसू. बटाट्याचा डबा कुणाला आठवत नाही.

पुढच्या चेंडूवर दत्तानं चौका मारला. जिंकले. दात-ओठ खाऊन चौक्याचा इशारा मी केला.

कप घेताना त्याच्या हातात माईक होता. लोकांचे आभार मानले, ठेवून दिला. निघताना गाडीजवळ आला, आवाज बारीक. "लत्या, गेल्या साली बी... रिकाम्या हातानंच उडवलत्या का?"

मी किक मारली. म्हटलं, उद्या दहाला गॅरेजवर ये.

१२ जानेवारी, सोमवार
साडेनऊ. मिलिंद शाळेत जाताना थांबला. "सांगशील ना?" मी स्पार्क प्लग घासत राहिलो.

सांगितलं तर तो म्हणेल, मग मी खरंच बोललो होतो. निर्णय चुकला, मटण खाल्लं होतं, लोक दोन्ही जोडून टाकतील. चूक माझी आहे. मटण खोटं आहे. हे वेगवेगळं करून सांगायला माईक लागतो आणि तो त्याच्या घरात आहे. नाही सांगितलं तर मुळे सरांचा कागद कॉम्प्रेसरच्या वरून काढावा लागेल, मलाच बघवणार नाही.

राग गेलेला नाही. काल त्याला परत बोलावलं म्हणून माफ केला असं त्यानं समजू नये.

मोबाईल टेबलावर ठेवलाय. व्हिडिओ बेल्स उडतात तिथं थांबवलाय, दोन्ही हात स्पष्ट दिसतात. शेजारी ते एक वाक्य कागदावर लिहून ठेवलंय, त्याला पाठ नसेल म्हणून.

वळणावर गाडीचा आवाज. त्याचीच, क्लच प्लेटा गेल्यात. आधी कोण बोलतं ते