सोळा दाते

अण्णा, आज मी सायकल घ्यायला गेले होते आणि न घेताच परत आले. पन्नाशी उलटल्यावर कसलं हे खूळ, असं तुम्ही म्हणाला असता, पण खूळ माझं नाही, डॉक्टरांचं आहे. गुडघे हलते ठेवा म्हणाले. त्यात ऑफिसातल्या चौघीजणी दर रविवारी बोपदेव घाट चढून येतात आणि सोमवारी त्याबद्दल इतकं बोलतात, की एक तर त्यांच्याबरोबर जावं नाहीतर नोकरी बदलावी. म्हणून बाणेरच्या एका दुकानात गेले. तेलकट बाकावर बसून पंक्चर निघेपर्यंत शिळा पेपर वाचायचा, तसलं दुकान नव्हे. इथे एसी आहे आणि सायकली भिंतीला टांगलेल्या असतात. काउंटरवरच्या मुलीच्या नडगीवर ताजं खरचटलेलं होतं, म्हणजे ही स्वतः चालवते, एवढा विश्वास बसला. मी म्हटलं, मला घाट चढायचाय, पण जीव मेटाकुटीला यायला नको. ती म्हणाली, "मग मॅम, मागे चौतीस दात्यांची घ्या. पुढे पण चौतीस. वन इज टू वन. एका पेडलला चाक एकदाच फिरणार. स्पीड विसरा, पण आरामात चढाल." मी त्या मागच्या चकतीकडे बघितलं. केवढी मोठी ती! म्हटलं, ही जड नाही का जाणार? लहान दे ना एखादी. "सगळे हेच बोलतात मॅम. उलटं असतं. मागचं मोठं म्हणजे पायाला हलकं. मागचं लहान केलं ना, तर चढावर वाट लागते." मी तिला विचार करून सांगते म्हटलं आणि बाहेर येऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं दोनदा कुठे जायचं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून अप्पर निघालं. आता तिथे आपलं कुणी राहत नाही.

अप्परला, म्हणजे बिबवेवाडीच्या टेकडीवर, आपण राहायला गेलो तेव्हा मी आठवीत होते. घर स्वस्त होतं, कारण चढ फुकट होता, असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. तुमचा कारखाना हडपसरला. सकाळी जाताना उतार, आणि आठ तास मशीनवर उभं राहून परत येताना हा चढ. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सायकलच्या मागच्या चाकावरचं फ्रीव्हील, म्हणजे ती दात्यांची चकती, बदललंत. अठरा दात्यांचं काढलंत, बावीसचं बसवलंत. तुमचं खातंच गिअरचे दाते पाडायचं, तुम्हाला कोण शिकवणार? त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसला आहात. पोळ्यांच्या डब्याचं झाकण पुढे, आमटीची वाटी मागे, आणि दोघांभोवती आईच्या परकराची नाडी. तुम्ही झाकण एकदा फिरवता आणि मला म्हणता, वाटी किती वेळा फिरली ते मोज. मग वाटी काढून तिथे ताटली ठेवता. आता मोज. "आपल्या सायकलीला पुढे चव्वेचाळीस दाते, मागे बावीस. पायडल एकदा, चाक दोनदा. घरी यायचं असेल तर दोनदा पुरे." आई नाडी परत मागते आहे. मी वही मिटून म्हणते, अण्णा, परवा माझी सहामाही आहे आणि हे पोर्शनमध्ये नाही. तुम्ही नाडी सोडवता. "बरं. चढ पोर्शनमध्ये नाही. घर मात्र चढावर आहे," एवढंच म्हणता आणि वाटी धुवायला टाकता.

पुढे मी कॉम्प्युटर इंजिनिअर झाले. तेव्हा पुण्यात रोज एक नवी कंपनी निघत होती आणि शेजारचे लोक मला माझं नाव सोडून "सॉफ्टवेअर" म्हणून हाक मारायचे. माझं काम काय, तर अमेरिकेतल्या एका बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये वर्षाचे दोन आकडे होते ते चार करायचे. साऱ्या जगाचे आकडे मी दुरुस्त करणार, असा माझा थाट. पहिला पगार झाला तेव्हा तुमच्या सुट्टीच्या दिवशी, तुम्ही दुपारचे झोपलेले असताना, मी सायकल गुपचूप दुकानात नेली. नवी सीट, नवे ब्रेक, नवी चेन. फ्रीव्हील जुनाट, काळंकुट्ट आणि भलतंच मोठं दिसत होतं. दुकानदारानं विचारलं, "मागे कितीचं टाकू, ताई?" मी म्हटलं, सगळ्यात लहान टाका. हलकी चालली पाहिजे. त्यानं पाना खाली ठेवला. "वडलांना विचारून येता का?" मी म्हटलं, मी इंजिनिअर आहे. "मग प्रश्नच मिटला," म्हणाला आणि त्यानं सोळाचं बसवून दिलं. संध्याकाळी तुम्ही जिन्याखाली उकिडवे बसलात. मागचं चाक उचलून पायडल हातानं एकदा फिरवलंत. चाकाकडे बघत राहिलात. मग फ्रीव्हीलवरून अंगठा हळूहळू फिरवलात आणि म्हणालात, "झकास." मला वाटलं होतं, तुम्ही हात फिरवून बघताय ते कौतुकानं.

तीन महिन्यांनी असेल, कंपनीच्या बसमधून मी तुम्हाला चढावर बघितलं. अर्ध्या चढावर तुम्ही खाली उतरून सायकल ढकलत होतात. हँडलला डबा लटकलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. तुम्हाला त्या चढावर सायकलवरून उतरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मी घाबरलेच, अण्णा. आणि मला भीती वाटली की मी रागावते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जेवताना मी सुरू झाले. वय झालंय, मान्य करा. एक दिवस रस्त्यात पडाल आणि कुणीतरी आम्हाला फोन करेल. सायकल बंद म्हणजे बंद. तुम्ही भात कालवत राहिलात. "गुडघा कुरकुरतो जरा," म्हणालात. आईनं तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही तिच्याकडे, आणि मला वाटलं, तिलाही माझं पटलंय. दुसऱ्या दिवशी मी बसचा पास काढून तुमच्यापुढे ठेवला. पासवरचा फोटो तुम्ही चष्मा लावून पाहिलात. "फोटोत तरी मी दमलेला नाही."

निवृत्त होईपर्यंत पाच वर्षं तुम्ही बसनं गेलात. घरातून अर्धा तास आधी निघायचात. "बस माझ्यासाठी असते, असं तुझं म्हणणं. मी बससाठी असतो, असा माझा अनुभव," हे मला किती वेळा ऐकावं लागलं! सायकल जिन्याखाली होती. रविवारी तुम्ही ती पुसायचात, चेनला तेल द्यायचात आणि परत भिंतीला लावून ठेवायचात. मी आईला म्हणायचे, अण्णांचा जीव सुटत नाही तिच्यातून. तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत मी कितीतरी लोकांना अभिमानानं सांगितलंय, की अण्णांना मी वेळेवर सायकलवरून उतरवलं. म्हाताऱ्या आईवडलांशी कसं ठाम राहावं, यावर तर मी ऑफिसातल्या मुलींना सल्लेसुद्धा देते.

आज रिक्षा मधूनच वळवून घरी आले. आई खिडकीपाशी मटार सोलत होती. आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडूनच विचारलं, अण्णांच्या सायकलचं मागचं चाक मी बदललं होतं, आठवतं? "न आठवायला काय झालं?" ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी दाते मोजले त्यांनी. वर येऊन मला म्हणाले, आपली इंजिनिअर दात्यात चुकली. आणि हसत बसले." मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? त्यांनी दुकानात जाऊन दुसरं का नाही बसवलं? "मी म्हटलं की त्यांना. रोज घामाघूम होऊन येता, बदलून घ्या म्हटलं. तर म्हणाले, पोरीच्या पहिल्या पगाराचं आहे. झिजू दे. झिजलं की बावीसचं टाकून घेईन, तिला कळायचंही नाही." शेंगांची टरफलं गोळा करत ती पुढे म्हणाली, "तेवढ्यात तू पास घेऊन आलीस."

ते लोखंड झिजायला किती वर्षं लागतात, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? जन्मभर त्याच लोखंडाचे दाते पाडलेत तुम्ही. तुमचा गुडघा कधीच कुरकुरत नव्हता, अण्णा. तुम्ही म्हातारे झाला नव्हतात. सहा दाते परत मागितले असतेत तर तुम्ही निवृत्तीच्या दिवशीही सायकलवरून घरी आला असतात. मी तुम्हाला उतरवलं, आणि वर सल्ले देत फिरले. तुम्ही एकदा, फक्त एकदा, माझ्यावर ओरडायला हवं होतं. एरवी बसपासून पंतप्रधानांपर्यंत कुणाला सोडत नव्हतात. मग नेमकं इथेच का गप्प बसलात, म्हणून आज दुपारभर मी तुमच्याशी भांडते आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक खरं लिहून टाकते. आईनं सांगितलं तेव्हा मला आधी लाज वाटली नाही. आधी आनंद झाला. माझ्यासाठी कुणीतरी तीन महिने रोज तो चढ चढत होतं, आणि मला ते माहीतही नव्हतं. मी आईपुढे बसून चक्क हसत होते, तीही हसली, आणि मग आम्ही चहा घेतला. लाज वाटली ती चहा पिऊन झाल्यावर.