पुलाखालचं ‘हाय का?’

आप्पा, बोटं गारठलीत, पेन नीट धरवत नाही. आत्ताच नदीवरून आले. तुम्ही असता तर आधी खेकसला असता आणि मग माझ्यासाठी चहा टाकायला लावला असता.

मेंढरं विकून रेल्वेत चिकटलेल्या माणसाला मासे धरायचा नाद कुठून लागला, म्हणून आई जन्मभर कुरकुरली. दौंड सोडून जाताना त्या म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांनी तुम्हाला आपली लवचीक काठी दिली आणि सोबत ट्राउट नावाच्या माशाच्या गोष्टी. तो मासा थंड डोंगरी पाण्यातला, भीमेत कुठला यायला! पण तुम्ही कोंबड्याचं पीस आणि मेंढीची लोकर गळाला बांधून ‘माशी’ करायचात, ती पाण्यावर भिरकावायचात आणि चिलापी लागली तरी "ट्रावट घावला गं!" म्हणून ओरडायचात. धुक्यात मात्र एकमेकांना नावानं किंवा नात्यानं हाक मारायची नाही, हा तुमचा दंडक. एकानं "हाय का?" विचारायचं, दुसऱ्यानं "हाय" म्हणायचं. मी कारण विचारलं तर म्हणालात, "नाव-नातं पान्याला कळू देऊ न्हाई." मला हसू आलं. कॉलेजात जायला लागले होते, शहाणी झाले होते ना!

जानेवारीतली ती सकाळ. मी रेल्वेपुलाखालच्या खडकावर, तुम्ही वरच्या अंगाला. पुलाचे खांबसुद्धा दिसत नाहीत इतकं धुकं. डोक्यावरून मालगाडी जाते, तीही नुसती ऐकू येते. ती गेल्यावर सगळं चिडीचूप होतं आणि तुमचा आवाज येतो, "हाय काऽ?" मी तोंड उघडणार तोच कुणीतरी माझं मनगट धरतं. बघते तर तुम्हीच. माझ्या शेजारी उभे, ओठ घट्ट मिटलेले. आणि समोरून, खोल पाण्याच्या बाजूनं, तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखाच ‘का’ लांबवत पुन्हा, "हाय काऽ?"

"ओ देऊ नगं," तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटलात. "काय बी झालं तरी."

घर येईपर्यंत तुम्ही माझं मनगट सोडलं नाहीत. तुम्हाला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या आवाजापेक्षा त्यालाच मी जास्त भ्यायले. घरी आल्यावर आईला "आज काय घावलं न्हाई" एवढंच म्हणालात आणि चुलीपुढं बसून राहिलात. पुन्हा तो विषय निघाला नाही.

पुढं घशाचं दुखणं आलं. ऑपरेशननंतर तुमचा आवाज गेला तो गेलाच. शेवटची वर्षं तुम्ही खुणांनी बोलायचात. जातानाही काहीतरी खूण केलीत, मला ती कळली नाही. आपल्याकडे कधी टेप नव्हता, त्यामुळे तुमचा आवाज कुठंच उरला नाही. धाकट्या बहिणीला तो आठवत नाही. हळूहळू मलाही आठवेना, आप्पा, आणि हे तुमच्या जाण्याहून जास्त लागतं.

म्हणून शिक्रापूरच्या नोकरीवरून सुट्टीला घरी आले की थंडीत सकाळी मी तुमची काठी घेऊन पुलाखाली जाते. आईला वाटतं, लेकीलाही बापाचा नाद लागला. मी माशी पाण्यावर टाकते आणि वाट बघते. तो येतो. दुखण्याआधीचा, धडधाकट आवाज, खोल पाण्याकडून. मी ओठ मिटून ऐकते आणि घरी येते. आजवर असंच चाललं होतं.

आज त्यानं विचारलं, मी गप्प राहिले. पुन्हा विचारलं, ते लांबून. मग आणखी लांबून. कुणी कंटाळून निघून जावं तसा तो पलीकडे सरकायला लागला. ते तुम्ही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही असता तर मला धुक्यात तिथं उभं राहूच दिलं नसतं.

हे पत्र मी कुठं टाकणार? गादीखाली राहील. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी ओ दिली, आणि नुसतं "हाय" म्हणून थांबले नाही. "हाय, आप्पा," असं म्हणाले.