ताटात उरलेली पट्टी

सोमवार, ३ मार्च

गुरुवार ठरला. सकाळी दहा.

ह्यांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. डॉक्टर म्हणाले, "फुटला तर आमच्या हातात फारसं काही राहत नाही. त्याआधी गाठला तर माणूस वाचतो." एवढं सांगून वर विचारतात, काही शंका आहे का! शंका कसली, तारीख तेवढी लिहून घेतली.

आणि ऑपरेशन कुठे? तर माझ्याच इस्पितळात. वर ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर; खाली तळघरात आमची वाफेची खोली. बावीस वर्षं मी तिथे ऑपरेशनची हत्यारं धुते, मोजते, कापडात बांधते आणि जंतू मारायला वाफेच्या मशीनमध्ये घालते. आम्ही त्याला सेट म्हणतो, हे गाठोडं म्हणतात. "आता तुझं गाठोडं माझ्याच पोटावर सुटणार!" म्हणाले आणि हसले. सुतार माणूस, कानावरची पेन्सिल डॉक्टरांपुढेही काढत नाही. मला काही हसू आलं नाही.

मंगळवार, ४

हेडसिस्टर म्हणाल्या, रजा घे. घरी बसून काय करू? ह्यांच्या पोटाकडे बघत बसू? नको म्हटलं.

वन्सं राहायला आल्यात. "देव तारी त्याला कोण मारी" — दिवसातून दहा वेळा. म्हणतात आणि आत जाऊन रडतात. माझंही तसंच. देवावर भरवसा आहे आणि पाचावर धारण बसलीय, दोन्ही एकदम! हे कसं काय, ते त्यालाच ठाऊक.

बुधवार, ५

ह्यांचा सेट मीच बांधला. रक्तवाहिनी धरायचे ते मोठे चिमटे, त्यांचा आख्ख्या इस्पितळात एकच सेट आहे. एकेक चिमटा हातात घेतला आणि म्हटलं, देवा, हा तुझा. हाही तुझा. शेवटी सगळ्यांवर हात ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे. मग कापड दुमडलं, वरून चिकटपट्टी लावली, मशीन चालू केलं. चिकटपट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या. सेट वर गेला.

खूप दिवसांनी जिवाला बरं वाटलं.

गुरुवार, ६

काय करून बसले मी!

प्रत्येक सेटच्या आत, अगदी मधोमध, आम्ही एक कागदी पट्टी घालतो. बाहेरच्या रेघा काय, मशीन तापलं की काळ्या होतात. आतली पट्टी काळी झाली तरच वाफ आतपर्यंत पोचली असं धरायचं. जितके सेट, तितक्या पट्ट्या मी सकाळीच ताटात काढून ठेवते. आज साडेसातला ताट पुसायला घेतलं, तर कालची एक पट्टी उरलेली. पांढरीशुभ्र! कुठल्या सेटची ते शोधावं लागलंच नाही. देवाचं नाव घेत उभी राहिले आणि पट्टी घालायची राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही ह्यांच्याच सेटला.

वर फोन केला. ओटीतली सिस्टर माझी जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "बाहेरच्या रेघा काळ्या आहेत ना? मग झालं! सेट मीच उघडणार आहे. तू बोलू नकोस, मी बोलत नाही. अळीमिळी गुपचिळी!"

सगळं परत धुवून, वाळवून, वाफेत घालून निघायला दुपार होणार. मोठे डॉक्टर बाहेरून येतात, फक्त सोमवारी आणि गुरुवारी, बारापर्यंत. म्हणजे सोमवारच. आणखी चार दिवस तो फुगा पोटात.

फोन कानाला लावून नुसती उभी. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर मी विचारसुद्धा केला नसता, सरळ सेट खाली मागवला असता. हे मनात आलं आणि मग पुढे बोलायला काही उरलंच नाही. "खाली पाठव," म्हटलं. ती म्हणाली, "वेडी आहेस तू."

चूक रजिस्टरात स्वतःच्या हातानं लिहिली. सेट पुन्हा बांधला — आधी पट्टी, मग बाकीचं. दोन वाजता वर पोचवला. ह्यांना सोमवारी या म्हणून घरी पाठवलं. का, ते मीच सांगितलं. ह्यांनी पिशवी उचलली आणि चालू लागले. वन्संनी मात्र घर डोक्यावर घेतलं. "खरेपणा दाखवायला घरचाच माणूस सापडला तुला!" खाली मान घालून भांडी आवरली.

शुक्रवार, ७

हे माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं, जेवले, उठले. नुसते खोकले तरी मी हातातलं टाकून धावते.

देवा, तुझंच नाव घेत होते ना रे मी?

शनिवार, ८

अबोलाच.

रविवार, ९

वाफेच्या खोलीत बसून लिहितेय. दुपारचे तीन.

सकाळी चहा घेताना हे आपणहून बोलले. "गाठोडं तसंच, पट्टीशिवाय वापरलं असतं, तर काय झालं असतं?" खोटं कशाला बोलू? "बहुतेक काहीच नाही," म्हटलं. चहा संपवला. मग म्हणाले, "मास्तरांच्या घरचा जिना आठवतो? एका पायरीला खालून भेग होती. रंग दिल्यावर कुणाच्या बापाला दिसली नसती. मी पायरी उखडली. काम आठ दिवस लांबलं, मास्तरांनी नाही नाही ते ऐकवलं. घरी आलो, तर तू काय म्हणालीस?" मला आठवेना. "म्हणालीस, बरं केलंत." आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

साडेबाराला पाठ धरून खाली बसले. फुटला.

गाडीत घालून आणलं. मोठ्या डॉक्टरांना घरून बोलावून घेतलं. ओटीच्या दाराशी हे माझा हात धरून म्हणाले, "आतलं गाठोडं तूच बांधलंयस ना?" हो म्हटलं. "मग घाबरतेस कशाला?" चेहरा पांढराफटक, आणि धीर मला देतायत!

वन्सं वर बाकावर आहेत. मला तिथे बसवेना. खाली आज एकच बाई ड्युटीवर, आणि वरून रक्त टिपायच्या कापडाच्या घड्यांची मागणी थांबत नाहीये. तिच्याबरोबर घड्या बांधतेय. मशीन चालू आहे तेवढ्यात हे लिहिलं. माझ्या हातात दुसरं काही नाही. काहीच नाही. देवा, वर तू बघ. खाली मी आहे.

सोमवार, २४

हे गेले त्याला आज पंधरा दिवस.

कामावर गेले. ओटीतली मैत्रीण खाली आली आणि ह्यांच्या सेटमधली पट्टी माझ्या हातावर ठेवली. पूर्ण काळी. इथे चिकटवलीय.

देवाशी बोलायचं नाही, असं ठरवून गेले होते. पहिला सेट कुणा अनोळखी बाईचा. आधी पट्टी घातली. मग चिमटा उचलला, आणि तोंडातून निघालंच — देवा, हा तुझा.